मला मत देऊ नका

फहाद कुवेतहून परत आला तो एका पिशवीनिशी. इराकचं सैन्य शहरात शिरलं, तेव्हा तो कामाला होता त्या दुकानाचा मालक आधीच पळून गेला होता. बसने बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डन, अम्मानच्या बाहेर तंबूतले दिवस आणि शेवटी सरकारने पाठवलेल्या विमानाने मुंबई. पनवेलच्या मोहल्ल्यात तो घराच्या पायरीवर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या आईलाही त्याला ओळखायला वेळ लागला. सफूराने, त्याच्या बायकोने, त्याला गल्लीच्या तोंडाशीच ओळखलं होतं, चालण्यावरून.

वर्षभर त्याला धड काम मिळालं नाही. मग दाजीशेठनी त्याला टँकरवर घेतलं.

दाजीशेठ मूळचे रोडपालीचे. जमीन सिडकोत गेली तेव्हा त्यांनी ट्रक घेतले आणि पुढे ट्रकांचे टँकर केले. पनवेलच्या वरच्या अंगाच्या गल्ल्यांत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. नळ कोरडा पडला की दाजीशेठचा टँकर यायचा. माणूस कधी आवाज चढवून बोलत नसे. फहादचा पासपोर्ट त्यांनी मुंबईतल्या आपल्या ओळखीच्या एजंटाकडे दिला होता. दुबईच्या एका कंपनीला स्टोअरकीपर हवा होता. व्हिसा आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं.

त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या आणि मोहल्ल्याचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. दाजीशेठनी आपली सून पद्मजा उभी केली. समोर सफूराआपा उभ्या राहिल्या.

सफूराआपा म्हणजे सफूरा यूनुस नाखुदा. उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा वारल्याला बरीच वर्षं झाली होती. फहादच्या आजोबांच्या चुलत घराण्यातल्या, म्हणून आडनाव एकच. पाण्याची नवी पाइपलाइन टाका म्हणून त्यांनी दोन उन्हाळ्यांपूर्वी बायकांचा हंडा मोर्चा नेला होता, त्यात मोहल्ल्यातल्या होत्या तशा तलावापलीकडच्या चाळींतल्या आणि नव्या इमारतींतल्या नोकरदार घरांतल्या बायकाही होत्या. मोहल्ल्यात त्या आपा. तलावापलीकडे त्यांना सफूराबाई म्हणत, आणि पुष्कळ जणींनी त्यांना मोर्चात लांबूनच पाहिलेलं होतं.

एका दुपारी फहाद जेवायला आला आणि जेवता जेवता म्हणाला, "सफू, नगरपालिकेत येऊन एक सही करायची आहे."

"कसली?"

"उमेदवारीच्या अर्जावर. पद्मजावहिनींचा अर्ज बाद झाला तर हाताशी दुसरा असावा म्हणून. डमी म्हणतात त्याला. मागे घ्यायच्या दिवशी मागे घ्यायचा."

सफूराच्या हातातलं कालवणाचं पातेलं तसंच राहिलं. "आपा पण उभ्या आहेत ना? त्यांचं नाव, माझं नाव..."

"मागेच घ्यायचाय ना पण!" फहाद म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "शेठनी स्वतः सांगितलंय. आता त्यांना नाही कसं म्हणू?"

तिने सही केली.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी ती सकाळपासून तयार होऊन बसली होती. शेठची जीप न्यायला येणार होती. जीप आली नाही. फहाद टँकर घेऊन पहाटेच गेलेला. दुपार व्हायला लागली तशी तिच्याने राहवेना. तिने सासूला सांगितलं, बुरखा चढवला आणि चालत नगरपालिकेकडे निघाली. फाटकाशी दाजीशेठचा एक माणूस उभा होता, टोपीवाला. तो लगबगीने पुढे आला.

"भाभी, तुमी कशाला आल्या उनातानात? झालं ते काम. फहादभाईनी सकाळीच कागद दिला."

"दिला? नक्की?"

"म्या सोता बघितला ना."

सफूराला एवढं हलकं वाटलं की तिने येताना तलावाच्या कडेला बसलेल्या बाईकडून वालाच्या शेंगा घेतल्या. संध्याकाळी फहादला वाढताना तिने विचारलं, "कागद दिलास ते बरं झालं. मी उगाच धावत गेले."

फहादने ताटातून मान वर काढली नाही. "हूं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत रिक्षा फिरली. रिक्षावर कर्णा बांधलेला. "आपल्या लाडक्या उमेदवार नाखुदा सफूरा! नाखुदा सफूरा यांची निशाणी किटली! चहाची किटली! विसरू नका, किटली!"

सासू गच्चीवर पापड घालत होती. ती वरून म्हणाली, "आपांना किटली मिळाली वाटतं."

पण आपांना कपबशी मिळाली होती. ते थोड्या वेळाने आलेल्या दुसऱ्या रिक्षावरून कळलं. सफूरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

ती पुन्हा नगरपालिकेत गेली. आज फाटकाशी कुणी नव्हतं. निवडणूक अधिकारी अलिबागहून आलेले होते, त्यांच्या टेबलाभोवती गर्दी होती. तिची पाळी आल्यावर ती एका दमात म्हणाली, "साहेब, माझं नाव काढून टाका."

त्यांनी नाव विचारलं, कागद चाळले. "मुदत काल दुपारी संपली. आता नाव निघत नाही."

"माझ्या मिस्टरांनी कागद दिला होता."

"असा कागद आलेला नाही. आणि त्यांनी देऊन चालतही नाही, बाई. उभं राहायला जशी तुमची सही लागते, तशी मागे घ्यायलाही तुमचीच लागते."

"मी काल फाटकापर्यंत आले होते."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग आत का नाही आलात?"

मागचा माणूस पुढे सरकू बघत होता. ती टेबलाच्या कडेला घट्ट धरून उभी राहिली. "मग आता मी काय करू?"

"आता मतदान होईपर्यंत तुम्ही उमेदवार. मनात असो, नसो."

"लोकांना सांगितलं, मला मत देऊ नका, तर चालेल?"

असा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसावा. त्यांनी पेन खाली ठेवलं. "चालेल. मनाई काही नाही. फक्त मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही, स्वतःच्या बाजूने नाही तसा विरुद्धही नाही. उमेदवार म्हणून तुम्हाला केंद्राच्या आत येता येईल. पण तिथे तोंड उघडायचं नाही."

ती घरी पोचली तेव्हा फहाद आलेला होता. टोपीवाल्याने तिला नगरपालिकेकडे जाताना पाहिलं असणार.

"काय सांगितलंस तिथं?" त्याने विचारलं.

"तू मला काय सांगितलंस ते आधी सांग."

फहाद खाटेवर बसला. मग तो जे बोलला ते तिला रागावण्यापेक्षा कठीण गेलं. तो म्हणाला, "अर्ज मागे घ्यायचाच नाही, हे मला शेवटच्या दिवशी कळलं. मी शेठना म्हटलं, हे बरोबर नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुजा पासपोर्ट माझ्याकडं जपून हाय, तू घाबरू नको. एवढंच. मी काय समजायचं ते समजलो. सफू, मी तंबूत पडलो होतो तेव्हा रोज एकच मनात यायचं, घरी जाईन आणि पुन्हा उभा राहीन. मी इथं जन्मभर टँकर चालवू? एक निवडणूक आहे. आपांचं काय जातंय? पेन्शन आहे त्यांना. तू काही करू नकोस. नुसती गप्प राहा."

आतून सासू म्हणाली, "मर्दाच्या रोजीआड येऊ नये बेटी."

सफूरा गप्प राहिली. दुसरं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

त्यानंतर घराबाहेर पडणंच बंद झालं. कुणी कडी घातली नव्हती. पण समोरच्या बेकरीच्या बाकावर टोपीवाला येऊन बसायला लागला. ती दारात आली की तो उठायचा. "भाभी, काय आणायचं हाय का? मी आणतो ना." दूध तोच आणून द्यायचा, भाजीही. तलावापर्यंत जाऊन येते म्हटलं की सासू म्हणायची, मी येते. कर्णा दिवसभर तिचं नाव ओरडत फिरायचा. पूर्वी तिला नावाने हाक मारणारी माणसं हातावर मोजण्याइतकी होती. आता सगळा वॉर्ड तिचं नाव ऐकत होता आणि त्यातला कुणीच तिला ओळखत नव्हता. भिंतीवर पोस्टरं लागली. त्यावर फोटो नव्हता. वर मोठ्या अक्षरांत नाखुदा सफूरा, खाली किटली, आणि त्याखाली 'पाण्यासाठी लढणाऱ्या', हेही.

दाजीशेठ एकदा स्वतः आले. मिठाईचा पुडा घेऊन, चपला दाराबाहेर काढून. सासूच्या पाया पडले.

"भाभी, तुमी काय पण करायचं नाय," ते म्हणाले. "सभा नाय, भाषण नाय. घरात आरामात ऱ्हावा. सगळं आमी बघतो."

"माझं नाव आहे त्यावर," सफूरा म्हणाली.

"तेच तर! नाव तुमचंच हाय. कुनी खोटं लावलंय काय?" ते हसले, खरंच मनापासून. "फहादचा व्हिसा आला की पयला पेढा माझा."

शेजारच्या काही बायका येऊन गेल्या. एक जण तर कौतुकाने म्हणाली, "तू उभी आहेस हे माहीतच नव्हतं. मी तुलाच देईन बाई, आपलं तरुण माणूस बरं." सफूराच्या तोंडात शब्द आले. सासू शेजारी बसून तांदूळ निवडत होती. सफूरा म्हणाली, "चहा घ्या."

आणि मग आपा आल्या.

त्या भर दुपारी, एकट्याच आल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात छत्री. टोपीवाल्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सासूने बसायला चटई टाकली, पण त्या उभ्याच राहिल्या.

"मी भांडायला आलेली नाही," त्या सफूराला म्हणाल्या. "तलावापलीकडे एका इमारतीत गेले होते आज. बायका म्हणाल्या, सफूराबाई, काळजी करू नका, आमच्याकडची सगळी मतं किटलीला. मी सांगितलं, किटली मी नाही. तर म्हणतात, पोस्टरवर तर तुमचंच नाव आहे. मी किती दारांना सांगणार? मला गुडघे साथ देत नाहीत. तू एकदा बाहेर येऊन सांग. तुला समोर बघितलं की कळेल त्यांना, की आपण दोघी आहोत."

सफूराने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "आपा, पोराचा पासपोर्ट..."

आपांनी त्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "तसं आहे." मग सफूराला, जरा मऊ आवाजात, "मला वाटलं होतं, तू पैसे घेतलेस. ते बरं होतं म्हणायचं."

सफूराने त्यांच्यासाठी चहा टाकला होता. तो तसाच राहिला.

मतदानाच्या दिवशी फहादला सकाळीच जीपवर मतदार आणायला पाठवलं होतं. टोपीवालाही बाकावर नव्हता, आज त्याला दुसरी कामं होती. सफूरा सासूला म्हणाली, "अम्मी, मत द्यायला जायचं ना?" त्याला नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्या दोघी उर्दू शाळेतल्या केंद्रावर गेल्या.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिने मतपत्रिका उघडली. छपाईची शाई फुटलेली होती. आडनावांच्या क्रमाने नावं: नाखुदा सफूरा फहाद, त्याच्या खाली लगेच नाखुदा सफूरा यूनुस. ती वर, आपा खाली. किटली आणि कपबशी एकाखाली एक, जणू एकाच ट्रेमध्ये ठेवल्यासारखी. ज्या बाईला पहिलं नाव कसंबसं वाचता येतं, ती खाली कशाला बघेल? फहादच्या नावाचं पहिलं अक्षरही दाजीशेठच्या कामी आलं होतं. तिने कपबशीवर शिक्का मारला, घडी केली, पेटीत टाकली.

बाहेर पडताना ती दारात थांबली. "अम्मी, तुम्ही पुढे व्हा. मी येते."

मग ती वळून केंद्राध्यक्षांकडे गेली. "मी उमेदवार आहे. मला आत बसायचं आहे."

दाजीशेठचा पोलिंग एजंट बाकावर होता. त्याला वाटलं, शेठनीच पाठवलं. "या या भाभी," म्हणत त्याने सरकून जागा दिली.

सफूरा बसली, बुरख्याचा नकाब मागे टाकून, चेहरा उघडा ठेवून. तोंड उघडायचं नव्हतं, तिने उघडलं नाही. बायका येत होत्या, बोटाला शाई लावून घेत होत्या. पहिल्या काही नुसत्या गेल्या. मग एका म्हातारीने थबकून विचारलं, "ही कोण इथं बसलीये?"

"उमेदवार आहेत त्या," केंद्राध्यक्ष म्हणाले. "सफूरा नाखुदा."

"ही? सफूरा तर आपा!"

"त्या वेगळ्या. नाव एकच आहे." आणि मग त्यांना वाटलं आपण जास्त बोललो, ते घाईने म्हणाले, "चला बाई, पुढे चला."

म्हातारी आडोशामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर रांगेत गोष्ट पसरत गेली. बायका दारातून आधी तिच्याकडे बघायच्या आणि मग मतपत्रिकेकडे. एजंटची चुळबुळ सुरू झाली. त्याने एकाला बाहेर पाठवलं. सफूरा मात्र हात मांडीवर ठेवून बसून होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता येत होता.

दुपार टळली तशी ती उठली. खरी अडचण इथे नव्हती, इथे आपांना सगळे ओळखत होते. तलावापलीकडच्या मराठी शाळेत दुसरं केंद्र होतं. ती तलावाच्या कडेकडेने निघाली, आणि अर्ध्या वाटेत फहाद समोर आला. जीप रस्त्याच्या कडेला उभी होती. तो धावतच आला.

"घरी चल."

"मत देऊन आले. आता तिकडे जाते."

"सफू, मी तुझ्या पाया पडतो. शेठला कळलंय. मला म्हणाले, बायकोला घेऊन जा, बस, मी काय बोलत नाय." त्याने खरंच तिच्या पायांकडे वाकल्यासारखं केलं. रस्त्यावरचे लोक बघत होते. "मी पुन्हा रिकामा बसलो तर मरेन गं."

त्याचे डोळे तंबूतून आलेल्या दिवशी होते तसेच झाले होते. सफूराला वाटलं, आत्ता इथून वळावं, घरी जावं, दार लावून घ्यावं. वळणं किती सोपं होतं. फाटकातून वळली होती तसंच.

"तूही चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तो तिथेच उभा राहिला. त्याने तिला धरलं नाही, हेही तिच्या लक्षात राहिलं. ती त्याच्या बाजूने पुढे गेली.

मराठी शाळेत मात्र तिला आत घेतलं नाही. दाजीशेठचा एजंट दारातच उभा होता. "साहेब, उमेदवाराचा पास बघा आधी." पास तिच्याकडे नव्हता. तो टोपीवाल्याने तिच्या नावाने नगरपालिकेतून परस्पर नेला होता. केंद्राध्यक्ष भले होते, पण त्यांचा नाइलाज होता. तिला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं.

ती बाहेर आली. रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली होती, शंभर मीटरची. तिच्या अलीकडे बोलायचं नाही, पलीकडे चालेल. सफूरा रेघ ओलांडून पलीकडे उभी राहिली. समोरून पहिली बाई आली, खांद्याला पर्स, घाईत असलेली.

"ताई," सफूरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ताई, मी किटली. माझं नाव सफूरा आहे, पण मी हंडा मोर्चातली नाही. मोर्चातल्या आपा कपबशी आहेत. मला मत देऊ नका."

बाई थांबली, तिच्याकडे नखशिखांत बघून निघून गेली. दुसरीने ऐकून घेतलं. तिसरी म्हणाली, "काय बाई नाटकं!" एक जण वेणू नावाची, इमारतींतून धुण्याभांड्याला जाणारी, मत देऊन परत येत होती. तिने ऐकलं आणि जागीच उभी राहिली.

"मंजे? किटली आपाची नाय?"

"नाही. माझी."

"आमी तर समद्या जनी किटलीवर मारून आलो की! सकाळीच. रिक्षावाल्यानं सांगितलं ना, सफूराबाई, किटली." तिने शाळेकडे पाहिलं. "आता जाऊन बदलता नाय येत?"

"नाही."

वेणूने कपाळावर हात मारला. शिवी हासडली, ती दाजीशेठना होती की सफूराला ते कळलं नाही. मग पदर खोचून ती सफूराच्या शेजारीच उभी राहिली. सफूरा जे हळू आवाजात सांगत होती, ते ती मोठ्याने सांगू लागली. "किटलीवर मारू नका गं! ती ही उभी हाय बघा किटली! आपाची कपबशी हाय, खालचं नाव!" मतदान संपल्याची घंटा होईपर्यंत त्या दोघी रेघेपलीकडे उभ्या होत्या. पण सकाळची रांग केव्हाच ओसरली होती, आणि मोर्चातल्या बायका लवकर येऊन गेल्या होत्या.

निकाल ऐकायला सफूरा गेली नाही. तिला फटाक्यांचा आवाज आला, तो दाजीशेठच्या ऑफिसच्या बाजूने. पद्मजा थोडक्यात निवडून आली होती. किती थोडक्यात, ते फहादने येऊन सांगितलं. किटलीला जेवढी मतं पडली, त्याच्या निम्मी जरी कपबशीला गेली असती तरी आपा आल्या असत्या. उर्दू शाळेच्या पेटीत किटली जवळजवळ निघालीच नव्हती. सगळी निघाली ती मराठी शाळेच्या पेटीत.

"उर्दू शाळेत मी बसले होते," सफूरा म्हणाली.

"हो," फहाद म्हणाला. दोघंही आता पासपोर्टचं काय होतं याची वाट बघत बसले; तो परत येणार नाही, असंच दोघांनी धरलं होतं.

तो आला. त्याच आठवड्यात टोपीवाला दारात आला आणि पाकीट देऊन गेला. आत पासपोर्ट होता, व्हिसासकट. "शेठनी सांगितलंय, फहादला म्हणावं जा लवकर," एवढंच तो म्हणाला. शेठना राग आला नव्हता. ते जिंकले होते, त्यांच्या लेखी विषय संपला होता. फहाद पाकीट हातात धरून हसला, आणि मग त्याने सफूराकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. तिला त्या क्षणी जे वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. ज्या दाराला कुलूप आहे म्हणून ती एवढे दिवस आत बसली होती, त्याला कुलूप होतं की नव्हतं, हे आता कधीच कळणार नव्हतं.

रमजानच्या आधी फहाद दुबईला गेला. मोहल्ल्यात बायका तिच्याशी बोलत, पण जपून. नळावर ती आली की बोलणं दुसरीकडे वळायचं.

उन्हाळ्यात आपांचा निरोप आला, ये म्हणून. सफूरा गेली तेव्हा ओटीवर दहा-बारा बायका बसलेल्या होत्या, मोहल्ल्यातल्याही आणि तलावापलीकडच्याही. वेणू होती. भिंतीला शाळेतला जुना फळा टेकवलेला होता आणि आपांनी त्यावर खडूने मतपत्रिका काढली होती, रेघा मारून, नावांसकट.

"ये," आपा म्हणाल्या. "इथे उभी राहा, फळ्याशेजारी."

सफूराला वाटलं, परत जावं. पण ती उभी राहिली.

"हिचं नाव सफूरा," आपा बायकांना म्हणाल्या, वर्गात बोलत तशा. "माझंही सफूरा. आडनाव तेच. आता सांगा, मत द्यायच्या आधी काय बघायचं?"

"निशाणी," एक जण म्हणाली.

"निशाणी कुणाकडून ऐकायची? रिक्षावाल्याकडून?"

"नाय," वेणू म्हणाली. "ज्याला मत द्यायचं त्याच्याच तोंडून."

"आणि?"

"पूर्ण नाव. नवऱ्याचं पण."

"आणि आत तुम्ही कुठे शिक्का मारता ते कोण बघतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "कुनी नाय," कुणीतरी अंदाजाने म्हणालं.

"कुणीच नाही. टँकर कुणाचाही असो." आपांनी फळ्यावरचं वरचं नाव खडूने अधोरेखित केलं. सफूराला ती रेघ अंगावर ओढल्यासारखी वाटली.

मागे बसलेली एक तरुण मुलगी, नव्या इमारतीतली असावी, सरळ तिला म्हणाली, "पण तुम्ही उभ्या का राहिलात? सही तर तुमचीच लागते ना?"

सफूराने आपांकडे पाहिलं. आपा मदतीला आल्या नाहीत. त्या हातांवरचा खडू झटकत राहिल्या.

"लागते," सफूरा म्हणाली. "माझीच होती. मला नाही म्हणता आलं नाही."

एक बाई, पदराशी चाळा करत, कुणाकडे न बघता म्हणाली, "मला तरी कुठं आलं असतं."

मग तिने आपलं मांडीवरचं मूल उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं आणि चटईवर सफूराला बसायला जागा केली.